नाम, पत्ता आणि मार्ग : शॉक व सॉल्ट्झर यांच्या विवेचनाची एक परीक्षा

संगणकांच्या जाळ्यांविषयी लिहिताना अभियंत्यांनी 'नाम', 'पत्ता' आणि 'मार्ग' ह्या तीन पदांची जी मीमांसा केली आहे, ती वस्तुतः अर्थविचाराच्या क्षेत्रातील आहे. परंतु आपल्या भाषाभ्यासकांनी तिच्याकडे पाहावे तितके पाहिलेले नाही. ह्या मीमांसेतील दोन लेख विशेष महत्त्वाचे होत. पहिला जॉन शॉक यांचा, १९७८ मधील. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात असताना त्यांनी तो लिहिला. दुसरा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जेरोम सॉल्ट्झर यांचा; तो १९८२ मध्ये प्रथम सादर झाला आणि १९९३ मध्ये इंटरनेटच्या नियमपत्रांच्या मालेत 'आरएफसी १४९८' ह्या क्रमांकाने पुन्हा प्रसिद्ध झाला. दोन्ही लेख आटोपशीर आहेत, आणि त्यांत व्याख्या करण्याची जी शिस्त दिसते ती आपल्या शास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत दिसत नाही.

प्रस्तुत लेखात ह्या दोघांच्या व्याख्या एका अगदी व्यावहारिक प्रश्नावर घासून पाहावयाच्या आहेत. तो प्रश्न असा : ज्या सर्व्हरला जाळ्याची दोन कार्डे आहेत त्याची बॅकअप-वाहतूक योग्य कार्डातून कशी न्यावी? हा प्रश्न यंत्रशाळेतला आहे, भाषाविभागातला नव्हे, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की हा प्रश्न सुटतो तो मुख्यतः नामकरणाने, आणि चुकतो तोही नामकरणातच.

परिभाषेविषयी एक शब्द. 'सर्व्हर', 'कार्ड', 'बॅकअप', 'राउटर' हे शब्द येथे जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण ते व्यवहारात रुळले आहेत आणि त्यांचे संस्कृत अवतार कोणी वापरीत नाही. 'पत्ता' हा शब्द मात्र आपला आहे, आणि गमतीची गोष्ट अशी की मराठीत पत्ता टपालाचा असतो तसा खेळातलाही असतो. कार्ड आणि त्याचा पत्ता ह्या दोन वस्तू एकच समजण्याची जी चूक पुढे वारंवार भेटेल, तिला आपल्या भाषेने जणू आधीच नाव देऊन ठेवले आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप. एखाद्या भाषाविभागाजवळ बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे असे समजा. दर सेकंदास ९६ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा आणि दोन वाहिन्या, अशा प्रतीचे न दाबलेले ध्वनिमुद्रण तासाला सुमारे २ गिगाबाइट जागा घेते. म्हणजे सुमारे ४८०० तासांचा संग्रह १० टेराबाइटचा झाला. सेकंदास १ गिगाबिट वाहून नेणारे कार्ड उत्तमोत्तम परिस्थितीतही सेकंदास १२५ मेगाबाइटांहून अधिक नेऊ शकत नाही. ह्या वेगाने तो संग्रह एकदा संपूर्ण नकलून घ्यावयास ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. १० गिगाबिटांच्या कार्डाने हेच काम सव्वादोन तासांच्या आत होते. म्हणून शहाणे व्यवस्थापक सर्व्हरला दुसरे, वेगवान कार्ड बसवितात, ते केवळ बॅकअपसाठी राखलेल्या एका वेगळ्या स्विचला जोडतात, आणि पुढील दारातून विद्यार्थ्यांची ये-जा व परसदारातून नकलांची वाहतूक अशी विभागणी करू पाहतात. कार्ड बसते, दिवा लागतो, आणि रात्री बॅकअप पुढील दारातूनच जाऊ लागतो. सकाळपर्यंत तो संपत नाही. ग्रंथालयातील वाचकाचे पृष्ठ उघडत नाही. आणि पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी कंटाळून बॅकअपच बंद करून टाकतो. ह्या शेवटच्या पायरीमुळे प्रश्न क्षुल्लक राहत नाही. ज्या बोलीचे शेवटचे वक्ते गेले तिचे ध्वनिमुद्रण दुसऱ्यांदा करता येत नसते.

आता मार्गदर्शिकांकडे वळू. त्यांतील नेहमीचे वाक्य असे असते : 'बॅकअप दुसऱ्या कार्डाने पाठवा.' ह्या वाक्याची कारकदृष्ट्या फोड केली तर 'कार्डाने' हे करण ठरते. करण म्हणजे कर्त्याच्या हातातील साधन. कुऱ्हाडीने झाड तोडणारा कुऱ्हाड निवडतो, तसा येथे कोणीतरी स्वतंत्र कर्ता कार्ड निवडतो, असे वाक्यरचनाच सुचविते. परंतु बॅकअप करणारा प्रोग्राम कार्ड निवडीत नाही. त्याला कार्डांची सहसा माहितीही नसते. तो एक नाव उच्चारतो, त्या नावाचा पत्ता मिळवितो, आणि त्या पत्त्याकडे जावयाचे आहे एवढेच प्रचालन-प्रणालीला सांगतो. कोणत्या दारातून बाहेर पडावयाचे हे प्रणाली आपल्या मार्गकोष्टकावरून ठरविते, आणि ते कोष्टक गन्तव्य पत्त्यावरून वाचले जाते. व्यवस्थापक मात्र करणाच्या शोधात कार्डाच्या खिडक्या उघडीत बसतो.

मार्गकोष्टकाची रचना व्याकरणाच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटावी अशीच आहे. त्यात एक सर्वसामान्य नियम असतो : ज्याविषयी अन्य काही सांगितलेले नाही ते सर्व अमुक राउटरकडे पाठवावे. आणि काही विशेष नियम असतात : अमुक पत्त्यांच्या समूहाकडे जावयाचे असेल तर अमुक कार्डातून थेट जावे. दोन्ही नियम लागू पडत असतील तेव्हा ज्या नियमाचे क्षेत्र अधिक संकुचित तो जिंकतो. हा उत्सर्ग-अपवादन्याय होय. पाणिनीच्या टीकाकारांनी जे परिभाषांच्या रूपाने मांडले तेच इंटरनेटच्या अभियंत्यांनी 'सर्वांत लांब उपसर्गाचा मेळ' ह्या नावाने स्वीकारले. पत्त्याचा आरंभीचा जितका अधिक भाग जुळेल तितका नियम विशेष. ह्या साम्याचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही, कारण मर्यादित शब्दांत अमर्याद प्रकरणे बांधावयाची असली की कोणालाही हीच वाट घ्यावी लागते. पण साम्य खरे आहे, आणि ते समजले की अर्धा प्रश्न सुटतो.

उदाहरण घेऊ. संग्रहाच्या सर्व्हरचे पुढील कार्ड १९२.१६८.१०.२१ ह्या पत्त्याचे व मागील कार्ड १९२.१६८.५०.२१ ह्या पत्त्याचे आहे. ज्या सर्व्हरवर नकला ठेवावयाच्या त्याला 'भांडार' म्हणू. त्यालाही दोन पत्ते आहेत, १९२.१६८.१०.५ आणि १९२.१६८.५०.५. दोन्ही जाळ्यांत पत्त्याचे पहिले तीन आकडे जाळ्याचे व चौथा यंत्राच्या जोडणीचा. संग्रहाचा प्रोग्राम 'भांडार' असे म्हणतो. नामकोशात त्या नावापुढे १९२.१६८.१०.५ लिहिले असेल, तर अपवादनियम पुढील कार्डाचा लागतो आणि सारी वाहतूक तेथून जाते. तेथे १९२.१६८.५०.५ लिहिले असेल, तर ती मागील कार्डातून जाते. कार्डाला कोणी हात लावलेला नाही. बदलली ती केवळ नावाची व्याख्या.

शॉक यांची व्याख्या ह्या ठिकाणी तपासून पाहावी. त्यांच्या मते नाम सांगते की आपल्याला काय हवे. पत्ता सांगतो की ते कोठे आहे. आणि मार्ग सांगतो की तेथे कसे पोहोचावे. काय, कोठे, कसे : तीन प्रश्नार्थक शब्दांवर उभारलेली ही त्रयी इतकी सुबक आहे की ती तोंडी बसते आणि पुढे विचार करण्याची गरज भासत नाही. तिचे श्रेयही मोठे आहे. त्या काळात ह्या तीन गोष्टींची सर्रास गल्लत होत असे, आणि त्या वेगळ्या धरल्याच पाहिजेत हे शॉक यांनी ठसविले. परंतु आपल्या उदाहरणात १९२.१६८.१०.५ आणि १९२.१६८.५०.५ हे दोन पत्ते एकाच यंत्राचे आहेत. यंत्र एकाच खोलीत, एकाच मांडणीवर उभे आहे. 'कोठे' ह्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही वेळा एकच असावयास हवे. तरीही पत्ते भिन्न, आणि त्यांच्या भिन्नतेने मार्ग भिन्न. अर्थात हा पत्ता 'कोठे' सांगत नसून 'कोणत्या दाराने' हे सांगतो. 'कोठे' आणि 'कसे' ह्यांमधील जी भिंत शॉक यांनी बांधली, ती दुसरे कार्ड बसविताच ढासळते. व्याख्या प्रश्नार्थक सर्वनामांवर आधारल्याचा हा दोष आहे. सर्वनामांचे अर्थ भाषेत जितके सैल असतात तितकेच ते व्याख्येतही सैल राहतात.

सॉल्ट्झर यांचे विवेचन माझ्या मते निश्चितपणे वरच्या दर्जाचे आहे. ते प्रश्नार्थक शब्द सोडून वस्तूंपासून आरंभ करतात. जाळ्यात नाव देण्याजोग्या वस्तू चार : सेवा (व तिचे वापरणारे), यंत्र, यंत्राची जाळ्याशी जोडणी, आणि दोन जोडण्यांमधील वाट. सेवा एखाद्या यंत्राशी बांधलेली असते, यंत्र एखाद्या जोडणीशी, जोडणी वाटेशी. आणि ही प्रत्येक बांधणी बदलता आली पाहिजे, वरच्या वस्तूचे नाव न बदलता. ह्या साखळीत 'पत्ता' नावाची वेगळी वस्तूच नाही. एखाद्या वस्तूचा पत्ता म्हणजे ती ज्या पुढील वस्तूशी बांधली आहे तिचे नाव. सेवेचा पत्ता म्हणजे यंत्राचे नाव. यंत्राचा पत्ता म्हणजे जोडणीचे नाव.

ह्या कल्पनेचे महत्त्व भाषाभ्यासकाला विशेष जाणवावे. 'पत्ता' हा शब्द 'मामा' ह्या शब्दासारखा संबंधवाचक आहे, असे सॉल्ट्झर सांगत आहेत. कोणीही माणूस स्वतःपुरता मामा नसतो. तो कोणाचा तरी मामा असतो, आणि त्याच वेळी त्याला स्वतःचे नाव असते. १९२.१६८.१०.५ हे एका जोडणीचे नाव आहे. 'भांडार' ह्या यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर तेच त्याचे पत्ता होते. फ्रेगे यांच्या १८९२ मधील सुप्रसिद्ध निबंधानंतर नामाच्या अर्थाविषयी जे विपुल लिहिले गेले, त्यात हा संबंधाचा पैलू इतक्या स्वच्छपणे मांडलेला फार थोड्या ठिकाणी आढळतो.

यंत्र आणि जोडणी ह्यांना वेगळी नावे नसली की काय होते, ह्याचे एक ऐतिहासिक उदाहरण जॉन डे यांनी आपल्या २००८ मधील ग्रंथात दिले आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील टिंकर हवाई तळ आर्पानेट ह्या जाळ्यात सामील झाला. एक जोडणी तुटली तर दुसरी असावी, म्हणून त्यांनी दोन जोडण्या मागितल्या. पण त्या जाळ्यात यंत्राला नाव म्हणून मिळे तो जोडणीचाच क्रमांक. परिणामी जाळ्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी यंत्रे ठरली, आणि एक जोडणी तुटल्यास वाहतूक दुसरीकडे वळविण्याचा मार्ग राहिला नाही. इंटरनेटच्या पत्त्यांनीही हाच वारसा पुढे चालविला : पत्ता यंत्राचा नव्हे, कार्डाचा. आपल्या बॅकअपची अडचण तेथून आलेली आहे. आणि मौज अशी की तिचा उपायही तेथूनच येतो, कारण पत्ता कार्डाचा नसता तर पत्ता बदलून दार बदलता आलेच नसते.

तथापि सॉल्ट्झर यांच्या विवेचनातही एक रिकामी जागा आहे, आणि ती त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच दिसते. शीर्षकात उल्लेख आहे तो जाळ्यातील गन्तव्यांच्या नामकरणाचा. साखळीचे चारही दुवे पलीकडील टोकाचे आहेत. निघणारा कोण, तो आपल्या कोणत्या दाराने निघाला, हे साखळीत कोठेही नामित होत नाही. कारकांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे कर्म व संप्रदान आहेत, अपादान नाही. पाणिनीने अपादान म्हणजे वियोगाच्या वेळी जे स्थिर राहते ते, असे सांगितले. सर्व्हर सोडून निघालेल्या माहितीच्या दृष्टीने ते स्थिर स्थान म्हणजे बाहेर पडण्याचे कार्ड. बॅकअपचा प्रश्न नेमका ह्या अपादानाचा आहे. सिद्धान्तात त्यासाठी पद नव्हते, म्हणून मार्गदर्शिकांनी ते करण म्हणून वर्णिले. त्यांच्या भाषेतील गोंधळ हा केवळ लेखकांच्या आळसाचा परिणाम नव्हे.

ही जागा भरण्याचा प्रयत्न १९८९ च्या 'आरएफसी ११२२' मध्ये झालेला आहे. रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादिलेल्या ह्या पत्रात अनेक जोडण्या असलेल्या यंत्राची दोन प्रतिमाने सांगितली आहेत, 'सबल' आणि 'दुर्बल'. सबल प्रतिमानात पत्ता आणि कार्ड ह्यांचा संबंध पक्का : ज्या पत्त्याच्या नावाने संदेश निघतो त्याच पत्त्याच्या कार्डातून तो बाहेर पडतो, आणि ज्या कार्डाचा पत्ता घातला आहे त्याच कार्डावर तो आत घेतला जातो. दुर्बल प्रतिमानात पत्ते जणू सर्व यंत्राचे. कोणत्याही पत्त्याच्या नावाने निघालेला संदेश कोणत्याही कार्डातून जाऊ शकतो. पत्राने दोहोंपैकी एकाची सक्ती केली नाही, आणि पुढे विंडोजने सर्व्हर २००८ पासून सबल प्रतिमान स्वीकारले, तर लिनक्स मूळच्या मांडणीत दुर्बल प्रतिमानावरच राहिले. म्हणून 'प्रोग्राम दुसऱ्या कार्डाच्या पत्त्याशी बांधा' हा जो उपदेश मार्गदर्शिकांत आढळतो, तो लिनक्सवर पुष्कळदा फसवा ठरतो. तेथे अशा बांधणीने पाकिटावरील प्रेषकाचा पत्ता तेवढा बदलतो. पाकीट पडते ते गन्तव्यावरून ठरलेल्याच पेटीत. किंबहुना स्थिती अधिक वाईट होते, कारण उत्तर मागील जाळ्याकडे येते आणि विचारणा पुढील जाळ्याने गेलेली असते. वाटेत फायरवॉल असेल तर तिने अर्धाच संवाद ऐकलेला असतो व ती तो संशयास्पद मानून तोडते. दोन्ही कार्डांना एकाच जाळ्यातील पत्ते देणे हा तर ह्याहून मोठा प्रमाद होय. तेथे 'हा पत्ता कोणाचा?' अशी हाक आली की दुर्बल प्रतिमानाचे यंत्र दोन्ही कार्डांतून 'माझा' असे सांगू शकते, आणि जे उत्तर आधी पोहोचेल ते खरे ठरते.

प्रेषकाच्या पत्त्यावरून मार्ग निवडण्याची सोय लिनक्समध्ये आहे, हे येथे नमूद केले पाहिजे, नाहीतर 'मार्ग गन्तव्यावरून ठरतो' हे माझे विधान अतिव्याप्त होईल. अनेक कोष्टके ठेवून, प्रेषक अमुक असेल तर अमुक कोष्टक वाचावे, असा नियम घालता येतो. पण तो नियम कोणीतरी घातला पाहिजे. मूळ व्याकरणात तो नाही.

आणखी एक प्रमाद सार्वत्रिक आहे. दुसरे कार्ड बसविताना मांडणीच्या खिडकीत राउटरच्या पत्त्याची जागा रिकामी दिसते, आणि रिकामी जागा भरण्याची माणसाला ओढ असते. ती भरली की कोष्टकात दोन उत्सर्ग होतात. दोहोंचे क्षेत्र सारखेच, म्हणून अपवादन्याय निरुपयोगी. हा तुल्यबल विप्रतिषेध झाला. अष्टाध्यायीत अशा प्रसंगी 'पर' कार्य करावे असे सूत्र आहे. (हा 'पर' पाठक्रमातील की उजवीकडील घटकाचा, हा प्रश्न ऋषी राजपोपट यांच्या केंब्रिज येथील प्रबंधाने अलीकडे पुन्हा उपस्थित केला आहे, त्यात शिरण्याचे येथे कारण नाही.) संगणकात हा निर्णय 'मेट्रिक' नावाच्या एका अंकाने होतो : ज्या नियमाचा अंक लहान तो प्रबळ. आणि विंडोजवर हा अंक स्वयंचलित ठेवला असेल तर तो कार्डाच्या वेगावरून ठरतो. वेग अधिक तितका अंक लहान. म्हणजे बॅकअपसाठी आणलेले वेगवान कार्डच उत्सर्गाचे धनी होऊन बसते, आणि बाहेरच्या जगाकडे जाणारी सारी वाहतूक त्या परसदारी येऊन थडकते, जेथून पुढे रस्ताच नाही. मागील कार्डाला राउटर द्यावयाचा नसतो. ही एक रिकामी जागा अर्थपूर्ण आहे, शून्य प्रत्ययासारखी.

बॅकअपचे काही प्रोग्राम जाळे निवडण्याची सोय स्वतःच देतात, आणि तेथे क्रियापदांचे अर्थ महत्त्वाचे होतात. 'व्हीम' ह्या प्रोग्राममध्ये 'पसंतीची जाळी' नोंदविता येतात. पसंती ही आज्ञा नव्हे. नोंदविलेले जाळे उपलब्ध नसेल तर प्रोग्राम दुसऱ्या जाळ्याने काम पुढे नेतो, आणि मागील तार निसटली आहे हे बॅकअप यशस्वी झाल्याच्या संदेशावरून कळत नाही. 'नेटबॅकअप'मध्ये ह्याच जागी तीन वेगळे पर्याय आहेत : हे जाळे श्रेयस्कर, हे जाळे निषिद्ध, आणि हेच जाळे, अन्य नाही. मीमांसकांच्या परिभाषेत तिसरा पर्याय नियमविधीच्या जवळचा आहे. तांदळाचा तूस काढणे कांडून शक्य, नखांनी सोलूनही शक्य. तरी कांडूनच काढावा, असे जेव्हा शास्त्र सांगते तेव्हा तो नियम. कांडण्याची सोय नसेल तर यज्ञ थांबतो, नखे वापरली जात नाहीत. व्यवस्थापकाने निवड करावयाची ती ह्या जाणिवेने : रात्री बॅकअप थांबणे अधिक वाईट की तो पुढील दाराने जाऊन वाचकांची वाट अडविणे? माझा कल नियमाकडे आहे. थांबलेला बॅकअप सकाळी ओरडून सांगतो. भलत्या वाटेने गेलेला बॅकअप महिनोन्‌महिने मुकाट असतो.

मात्र अशी सोय नसलेले प्रोग्राम अधिक, आणि त्यांच्यापुढे उपाय एकच राहतो, नावाचा. 'भांडार' ह्या नावापुढे पुढील पत्ता तसाच ठेवावा, आणि 'भांडार-मागील' असे दुसरे नाव निर्माण करून त्यापुढे १९२.१६८.५०.५ लिहावे, बॅकअपच्या प्रोग्रामला हे दुसरे नाव सांगावे. फ्रेगे यांचा प्रश्न होता तो असा, की एकाच ग्रहाला पहाटेचे व सायंकाळचे अशी दोन नावे असता त्या दोन नावांत फरक कोणता. (मराठीत दोन्ही वेळा शुक्रच म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे उद्भवलाच नसता.) तेथे एका नावाच्या जागी दुसरे घातले तर बदलते ते ज्ञान, ग्रह जागचा हलत नाही. येथे एका नावाच्या जागी दुसरे घातले की १० टेराबाइट दुसऱ्या तारेतून वाहू लागतात. 'भांडार-मागील' हे यंत्राचे नाव नव्हे. ते जोडणीचे नाव आहे, यंत्राच्या नावाचा वेष घेतलेले. सॉल्ट्झर यांच्या साखळीत यंत्र आणि जोडणी ह्यांचे जे दोन स्वतंत्र दुवे आहेत, त्यांना येथे प्रथमच दोन स्वतंत्र नावे मिळतात, आणि ती देतो तो कोणी सिद्धान्तकार नव्हे तर रात्रपाळीचा व्यवस्थापक.

ह्याच्या उलट, एकाच नावापुढे दोन्ही पत्ते लिहिणे हा अनेकार्थतेचा दोष होय. विंडोजचा सर्व्हर आपल्या सर्व कार्डांचे पत्ते नामकोशात स्वतःहून नोंदवू पाहतो. मागील कार्डाविषयी ही नोंद बंद न केल्यास ग्रंथालयातील वाचकाला कधी पुढील पत्ता मिळतो, कधी मागील, आणि मागील पत्ता मिळाला की त्याला काहीच उघडत नाही. माणसाच्या भाषेत अनेकार्थी शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो. संगणकाच्या नामकोशाला संदर्भ नसतो. तो हाती येईल ते उत्तर देतो.

संवादाचा आरंभ कोण करतो ह्यावरही सारे अवलंबून आहे. संग्रहाचा सर्व्हर भांडाराला हाक मारीत असेल तर संग्रहाकडचा नामकोश निर्णायक. पण कित्येक प्रोग्रामांत भांडारच ठरलेल्या वेळी संग्रहाला हाक मारते, आणि संग्रह उत्तर देतो ते हाक जेथून आली त्या पत्त्याकडे. अशा वेळी संग्रहावर कितीही नावे सुधारली तरी उपयोग नाही. 'संग्रह-मागील' हे नाव भांडाराकडे असावे लागते. निर्णय घेणाऱ्या यंत्राला प्रत्यक्ष विचारण्याची सोयही आहे. लिनक्सवर 'आयपी राउट गेट' ही आज्ञा देऊन पुढे गन्तव्य पत्ता लिहिला की ते यंत्र आपण कोणत्या कार्डातून व कोणत्या प्रेषक-पत्त्याने निघू ते सांगते. एवढी एक ओळ विचारली असती तर वाचला असता असा वेळ कार्डांच्या खिडक्यांपुढे जातो.

सर्वांत कसोटीचा प्रसंग मात्र बॅकअपचा नसून पुनःस्थापनेचा आहे, आणि तेथे नामकरणाची जागा निर्णायक ठरते. 'भांडार-मागील' हे नाव पुष्कळ ठिकाणी सर्व्हरच्या स्वतःच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये लिहून ठेवलेले असते, कारण ते सोपे असते व कोणाची परवानगी लागत नाही. तो सर्व्हर जळाला किंवा त्याच्या चकत्या निकामी झाल्या, की ती फाइलही त्याच्याबरोबर जाते. नव्या यंत्रावर कोरी प्रणाली चढविली जाते, तिला ठाऊक असते ते सार्वजनिक नामकोशातील 'भांडार' एवढेच, आणि १० टेराबाइट परत येऊ लागतात ते पुढील दाराने, १ गिगाबिटाच्या वेगाने, बावीस तास, आणि तेही दिवसा, कारण संग्रह बंद असताना रात्रीची वाट कोणी पाहत नाही. अपवादाचे सूत्र ज्या ग्रंथात लिहिले होते तोच ग्रंथ नष्ट झाला. हे नाव विभागाच्या डीएनएसमध्ये स्वतंत्र नोंद म्हणून ठेवले असेल, आणि नव्या यंत्राच्या मागील कार्डाला जुनाच पत्ता दिला असेल, तर भांडाराकडचे 'संग्रह-मागील' हे नावही तसेच चालते आणि दोन्ही दिशांनी एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही. नाव न बदलता बांधणी बदलता यावी, ही सॉल्ट्झर यांची मूळ अपेक्षा. जोडणीच्या दुव्यापुरती ती येथे पुरी होते. यंत्राच्या दुव्यापुरती ती पुरी होत नाही, कारण दोन्ही जोडण्यांना मिळून ज्याचा पत्ता म्हणता येईल असे यंत्राचे नाव आजच्या पत्तापद्धतीत आहे कोठे?